जादा पट्टा

मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काही केल्या निघेना. मालिएनं हातोडीनं ठोकून पाहिलं, तेल सोडून पाहिलं, चार शिव्याही घालून पाहिल्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तो असा गंजून बसला होता की जागचा हलायला तयार नाही. व्हॅनचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर उचललेला, पुढच्या चाकांना दगड लावलेले, आणि मालिए ओव्हरॉलवर लावालावाचं फडकं कमरेला गुंडाळून रस्त्याकडेला फतकल मारून बसलेली. लावालावा एवढ्याचसाठी, की आमच्या गावात बाईनं नुसत्या पँटीत रस्त्यावर बसायचं नाही. मग त्याच्यावर कितीही ग्रीस सांडो.

"अगं, लग्नाचं विचार त्याला!" दुकानदार लोमी आपल्या दुकानाबाहेरच्या बाकावरून ओरडला. "आत्ता सुटून पळेल बघ!"

"तुझी बायको कधीची विचारतेय तुला, काम करशील का म्हणून," मालिए मान वर न करता म्हणाली. "तू कुठे हललास बाकावरून?"

बाकावरची मंडळी खो खो हसली, लोमीसुद्धा. पण त्या बाकाचा एक पाय काथ्यानं बांधलेला होता, आणि तो मोडला होता मालिएच्याच व्हॅननं. ते आठवून तिचं हसू ओठांवरच राहिलं.

झालं होतं असं. चर्चचं गायनमंडळ राजधानीतून, अपियाहून, तालीम करून परत येत होतं. बायकांनी व्हॅन गच्च भरलेली, मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर पोरं. घाट उतरून गावाच्या वरचा उतार लागला आणि मालिएनं ब्रेक दाबला. पुढची चाकं कण्हली, जळका वास सुटला, आणि गाडी आपली चाललीच! वळण गेलं, चर्च गेलं, लोमीच्या बाकाचा पाय गेला, आणि स्वारी त्याच्या अळवाच्या वाफ्यात जाऊन थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पालेपा आत्याच्या मांडीवर नारळाच्या दुधातल्या पावांचं भांडं होतं, त्याचं जे काय झालं ते तिनं महिनाभर तरी सगळ्या गावाला ऐकवलं असेल. त्या दिवसापासून मालिएच्या गाडीत कुणी बसेना. उन्हात तास तास उभे राहतील, शेजारच्या गावच्या बसला हात दाखवतील, पण मालिएची व्हॅन आली की सगळ्यांना समुद्राकडे काहीतरी बघायचं असे.

मालिएच्या मनाला ते फार लागलं. ऑकलंडला तिनं सात वर्षं एका पाववाल्या कंपनीच्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. गावी परतली तेव्हा घराण्यानं ही व्हॅन तिच्या हाती दिली. व्हॅन घराण्याची, आणि घराण्याचा शब्द म्हणजे तुइलोमाचा. तुइलोमा हे तिच्या वडलांचे थोरले भाऊ, घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख. त्यांनी एकदा बोलून टाकलं की देशाच्या पंतप्रधानानं येऊन सांगितलं तरी आमच्याकडे ते बदलत नाही.

आणि तुइलोमा बोलले होते.

"शनिवारी मंडळाला डोंगरापलीकडे जायचंय. तिथल्या चर्चचा मोठा सोहळा आहे, आपण गायलाच पाहिजे. तोवर गाडी भरल्या ओझ्यानिशी या उतारावर थांबली, तर किल्ली तुझी. नाहीतर योआने चालवील. बाईच्या पायात तेवढा जोर नसतो, मालिए. त्यात तुझा काही दोष नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी मायेनं म्हटलं होतं. त्यानंच तिचं डोकं जास्त फिरलं.

योआने म्हणजे त्यांचा मुलगा. आमच्याकडे चुलतभाऊ हा सख्खाच भाऊ, आणि बहिणीपुढे भावानं तोंड वर करून बोलायचं नाही ही रीत. म्हणून योआने बिचारा हूं की चूं न करता नवा काळा चष्मा पुसत उभा राही. किल्लीवर त्याचा डोळा होता हे मात्र आंधळ्यालाही दिसलं असतं. माणूस वाईट नव्हता. फक्त घाट उतरताना त्याला गाणी सुचायची, आणि गाताना तो डोळे मिटायचा.

ही किल्ली गेली तर मालिएपाशी उरणार काय? घरात बसून चटया विणायच्या. तिच्या चटया इतक्या वाकड्या होत की पालेपा आत्या त्या डुकरांखाली घालायची. मालिएला गाडीशिवाय जगणं नको होतं, साफ नको होतं.

शेवटी तिला ड्रमच्या तोंडावरची दोन छोटी भोकं आठवली. गंजानं बुजलेली होती. खिळ्यानं कोरून तिनं त्यांत दोन बोल्ट घातले आणि पान्यानं थोडं इकडचं, थोडं तिकडचं असं आवळत गेली. बोल्ट आत जाऊन आसावर टेकले, आणि मोठ्ठा आवाज करून ड्रम सुटला.

"सुटला!" लोमी ओरडला. "आता पळ काढतोय का बघा!"

आत काळ्या भुकटीचा थर. मालिएनं तो साबणाच्या पाण्यानं धुऊन काढला, स्प्रिंगा सोडवल्या, आणि ब्रेकचे जुने लायनर हातात घेतले. ते चांगले जाड होते. एवढी ओझी ओढलेल्या गाडीचे लायनर खरं तर झिजून पत्र्यासारखे व्हायला हवेत. तिला जरा नवल वाटलं. पण अपियाहून आणलेले नवे लायनर खोक्यात तयार होते आणि शनिवार डोक्यावर होता. 'नशीब म्हणायचं' असं पुटपुटून तिनं जुने बाजूला टाकले. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढची फजिती टळली असती. पण घाईत असलेल्या माणसाला कोण सांगणार!

एक बाजू पुरी झाल्याशिवाय ती दुसरी उघडत नसे. एक उघडी, दुसरी नमुन्याला. तसं करत दोन्हीकडे नवे लायनर बसले. सिलिंडरची रबरंही बदलली, म्हणून पाइपातली हवा काढणं आलं. त्याला आत ब्रेक दाबायला एक माणूस लागतो. गाडीला शिवायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा पालेपा आत्याच उठली. आत्या महिला मंडळाची प्रमुख आणि गायनमंडळाचा मुख्य आवाज. देह असा भारदस्त की ती चढली तेव्हा घोडी करकरली.

"दाब म्हटलं की दाबून धरायचं, सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही," मालिएनं खालून सांगितलं.

"मला शिकव तू ब्रेक दाबायला! तुझ्या गाडीत बसल्यापासून स्वप्नातसुद्धा तेच करतेय."

पण आत्याचा पाय तालाशिवाय हलेना. ती रविवारचं गीत गुणगुणायला लागली आणि पाय त्या ठेक्यावर वरखाली, वरखाली.

"आत्या, धर म्हणते ना!"

"ओळ पुरी होऊ दे."

शेवटी मालिएनं हात टेकले आणि गीताच्या ओळीओळीला नट उघडबंद केला. कडव्याच्या शेवटाला बुडबुडे थांबले. गीतही चांगलं रंगलं होतं.

रिकामी गाडी उतारावर झकास थांबली. मालिएची छाती फुगली. तुइलोमा काठी टेकत आले, म्हणाले, "रिकामी तर माझी काठीसुद्धा थांबते. भरा तिला."

अळकुड्यांची पोती भरली. मालिए वर गेली, वळली, उतरायला लागली, ब्रेकवर पाय दिला. पुन्हा तेच! पुढची चाकं किंचाळली, जळका वास, आणि गाडी चर्च ओलांडून बरीच खाली जाऊन कशीबशी थांबली. तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता.

बाकावर कोणी हसलं नाही. तेच वाईट. लोमीनं तर नजर फिरवली.

"उद्या सकाळी किल्ली घरी आणून दे," तुइलोमा एवढंच म्हणाले. योआने चष्मा पुसत राहिला.

तेवढ्यात शंख फुंकला गेला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की आमच्या गावात रस्त्यावर माणूस दिसता कामा नये. जो तो आपल्या घरात. मालिए डोळे पुसत पालेपा आत्याच्या घरात जाऊन चटईवर बसली. लायनर नवे, ऑइल नवं, हवा काढलेली, मग चुकतंय कुठे? आपला पायच कमी पडतो की काय? सात वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःची शंका आली.

आत्यानं प्रार्थना सुरू केली. आत्याची प्रार्थना म्हणजे सगळ्या गावाची खबरबात; देवाला काही ठाऊक नसावं असं समजून ती सांगायची. लोमीच्या बायकोचा खोकला झाला, पाळकांची गुडघेदुखी झाली, मग गाडीची पाळी आली.

"प्रभो, ही गाडी माझ्या धाकट्या भावाच्या मयतीला काय दिमाखात उभी होती! आत चटयांचे ढीग, डुकरं, खोक्यांच्या थप्प्या, पण मागून तसूभर बसली नाही. तुइलोमानं मुद्दाम जादा पट्टा घालून घेतला होता, आपल्या भावाचा आहेर वाकलेल्या गाडीतून जाऊ नये म्हणून. चार गावं बघत राहिली. आणि आता, प्रभो, त्याच गाडीला..."

मालिएचे डोळे टक्क उघडले.

जादा पट्टा! मागच्या चाकांवरच्या कमानीत, स्प्रिंगेत!

तिचे वडील गेले तेव्हा ती ऑकलंडला होती. विमान मिळून येईपर्यंत दफन उरकलं होतं. पट्ट्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तरी कशाला? आमच्याकडे आहेर घेऊन जाणारी गाडी मागून बसली तर घराण्याची मान खाली जाते. पट्टा घालणं हे शहाणपणाचंच काम. त्यात ब्रेकचा काय संबंध, असं कोणालाही वाटलं असतं.

पण संबंध होता. अशा गाड्यांत मागच्या आसापाशी एक छोटा व्हॉल्व असतो, आणि त्याची दांडी आसाला बांधलेली असते. ओझं पडलं की गाडी खाली बसते, दांडी वर ढकलली जाते, आणि मागच्या ब्रेकला जोर मिळतो. गाडी रिकामी असली की तो जोर कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं घसरतील. आता ही गाडी बसतच नाही म्हटल्यावर व्हॉल्वला वाटायचं, गाडी रिकामी आहे! आत चौदा बायका कोंबलेल्या, आणि व्हॉल्व आपला निवांत. सगळा भार पुढच्या ब्रेकांवर. ते तापणार नाहीत तर काय होतील? मागचे लायनर कोरे राहिले ते यामुळेच.

तिला उठून धावावंसं वाटलं. पण 'आमेन' झाल्याशिवाय उठायची सोय नाही, आणि आत्या आता कुठे ऑस्ट्रेलियातल्या भाच्यांपर्यंत पोचली होती. मालिएनं इतक्या कळकळीनं आयुष्यात कधी प्रार्थना केली नसेल. ती एवढीच, की प्रभो, हिला थांबव.

प्रार्थना संपली, शंख पुन्हा वाजला. मालिए पळत सुटली, गाडीखाली शिरली आणि बॅटरी लावली. दांडी खाली लोंबत होती, पोत्यांचं सगळं ओझं अजून गाडीत असताना! मालिए तिथेच चिखलात पाठीवर पडून मोठमोठ्यानं हसली.

मग हसू ओसरलं. हे तुइलोमांना सांगणार कोण? मताईंना तोंडावर तुमचं चुकलं म्हणायचं? तेही तिच्याच बापाच्या मानासाठी त्यांनी केलेलं काम?

सकाळी ती गेली तेव्हा तुइलोमा कोको पीत बसले होते. तिनं किल्ली त्यांच्यासमोर चटईवर ठेवली आणि मान खाली घालून बसली.

"तुइलोमा, रागवायचं असेल तर आधी रागवा, मग ऐका. माझ्या वडलांसाठी तुम्ही जो पट्टा घातलात..." "मला कालच कळलं. मी तर त्यांना मातीसुद्धा देऊ शकले नाही. तुम्ही त्यांना ताठ मानेनं पोचवलंत."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला.

"त्या पट्ट्यामुळे गाडी उंच राहते, आणि ब्रेकला ओझं कळत नाही. पट्टा मी काढणार नाही. कोणी सांगितलं तरी काढणार नाही. मी फक्त खालची एक दांडी त्या मापानं लांब करते. मला आजचा दिवस द्या."

"म्हणजे चूक माझ्या पट्ट्याची?"

बाहेर कोंबडा आरवत होता. मालिएनं मान वर केली.

"हो."

तुइलोमांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बाहेर अंगणातल्या भावाच्या थडग्याकडे पाहिलं. मग त्यांनी काठीच्या टोकानं किल्ली तिच्याकडे सरकवली.

"कर. आणि उद्या मी पुढच्या सीटवर बसणार. नाही थांबली तर काचेतून आधी मी जाईन. म्हणजे निदान भांडायला तरी मी नसेन."

मालिएनं लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली, दांडीला जोड दिली, माप तीनदा तपासलं. मग अळकुड्यांची पोती तशीच ठेवून एकटीनं उतार उतरली. गाडी थांबली! पुन्हा उतरली, पुन्हा थांबली. तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. पोती काही गावात जाऊन सांगणार नव्हती. माणसं बसायला हवी होती.

शनिवारी पहाटे गायनमंडळ पांढरे झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून चर्चपुढे उभं होतं. व्हॅन समोर, दार उघडं, आणि कोणी पाऊल उचलेना. तुइलोमा पुढे चढून बसले तरीही नाही.

"सरका ग!" पालेपा आत्या सगळ्यांना कोपरानं दूर करत पुढे आली. "मेलेच, तर पांढऱ्या कपड्यांतच आहे. बदलायचीही कटकट नाही." ती चढली. तिच्यामागून एकेक करत बाकीच्या, देवाचं नाव घेत, एकमेकींचे हात धरून.

ठरलं होतं असं, की वर जाऊन वळायचं, उतरायचं, आणि दुकानापाशी थांबायचं. मग खरा प्रवास. लोमीनं बाक उचलून आधीच घरात नेऊन ठेवला होता.

मालिए वर गेली, वळली. खाली समुद्र नुकता उजळत होता. उतार सुरू झाला, मागे चिडीचूप. सगळ्यांत तीव्र वळणावर, दुकान अजून कितीतरी खाली असताना, तुइलोमांनी एकाएकी काठी आपटली आणि गरजले,

"थांब!"

मालिएनं पाय दिला.

गाडी चारही चाकांवर दबली आणि जागच्या जागी उभी राहिली. किंचाळणं नाही, वास नाही, काही नाही. मागे मात्र अख्खं गायनमंडळ पुढच्या सीटवर येऊन आदळलं, टोप्या उडाल्या, आणि पालेपा आत्याचा हात तुइलोमांच्या गळ्याभोवती पडला.

"थांबली," आत्या दबक्या आवाजात म्हणाली. मग तिनं आपला तो प्रसिद्ध आवाज लावला. "अगं बायांनो, थांबली!"

मग काय विचारता! टाळ्या, किंकाळ्या, हसणं, रडणं. एकीनं खिडकीतून टोपीच भिरकावली. खाली दुकानापाशी लोमी दोन्ही हात वर करून नाचत होता. योआने धापा टाकत चढ चढून वर आला, चष्मा काढला, आणि बहिणीपुढे पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताई," तो म्हणाला, "मला शिकव."

मालिए स्टिअरिंगवर डोकं टेकवून ढसाढसा रडली. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

सोहळ्यात मंडळ असं गायलं की पलीकडच्या गावानं दोनदा पुन्हा गायला लावलं. मग जेवणं. डुकराचे वाटे आमच्याकडे मानाप्रमाणे पडतात, आणि कुणाचा कोणता ते चारचौघांत ओरडून सांगतात. पाठीचा वाटा मोठ्या मताईंचा, पाय पाळकांचा, असं करत करत शेवटी गाड्या चालवणारे. त्यांना उरलंसुरलं मिळतं, तेही मांडवाबाहेर. मालिए आपल्या जागी, बाहेर चालकांच्या रांगेत बसली होती.

"पाठीचा वाटा, तुइलोमांचा!" पुकारणाऱ्यानं आरोळी दिली.

तुइलोमा काठी टेकून उठले.

"माझ्या भावाच्या मयतीला मी गाडीत एक पट्टा घातला, आणि ब्रेक बिघडवला. माझ्या चुकीनं आमच्या बायका मेल्या असत्या. मी मात्र दोष दिला भावाच्या लेकीच्या पायाला." त्यांचा आवाज शेवटच्या चटईपर्यंत पोचत होता. "तिनं चूक शोधली, दुरुस्त केली, आणि माझ्या भावाचा मानही राखला. हा वाटा माझा नाही. पुन्हा पुकार."

पुकारणारा गोंधळला. असं कधी झालं नव्हतं. त्यानं पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी मान हलवली. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"पाठीचा वाटा, मालिएचा! फालेउता गावच्या गाडीच्या चालकाचा!"

केळीच्या पानावरचा तो मोठा वाटा घेऊन दोन माणसं मांडवाबाहेर आली आणि तिच्यापुढे वाकली. मालिएनं काळ्या नखांच्या हातांनी तो घेतला, डोक्याला लावला, आणि रांगेतल्या सगळ्या चालकांना वाटून जेवायला बसली.